दारातला वेल

(रात्रीच्या वर्गात झालेले भाषण)

मंडळी,

मागच्या बैठकीला पिण्याच्या पाण्याविषयी बोलणे झाले. आज फुलांच्या वेलांविषयी बोलायचे आहे. जाई, जुई, मधुमालती, गोकर्ण, कृष्णकमळ, बोगनवेल. ही सहा नावे फळ्यावर लिहिली आहेत. बोलणे संपले की तुम्ही ती वाचायची. 'कृष्ण' या शब्दात 'ष'ला 'ण' जोडला आहे. पहिल्यांदा अडखळायला होईल. अडखळा, पण वाचा.

आत येता येता एका गृहस्थांनी आम्हाला विचारले, "गुरुजी, फुलांनी पोट भरतं का?"

नाही भरत. खोटे कशाला सांगा? दारातल्या एका वेलावर कोणी श्रीमंत होत नाही. दोडक्याचा वेल लावला तर भाजी तरी मिळेल, हे म्हणणेही खरे आहे. दोडका जरूर लावा. पण दोडका चार महिन्यांत वाळतो. जुई एकदा धरली की वर्षानुवर्षे दारात राहते. तिला वेगळे पाणी लागत नाही, वेगळी जमीन लागत नाही.

पाणी लागत नाही म्हणजे काय? तुमच्या घरात पाच माणसे आहेत असे धरा. प्रत्येकाला अंघोळीला एक बादली. रोजच्या पाच बादल्या झाल्या. हे पाणी मोरीतून बोळात जाते. बोळात चिखल होतो, डास होतात. मग शेजाऱ्याशी भांडण होते. त्यातली एक बादली एका वेलाला भर उन्हाळ्यातसुद्धा पुरते. एक मात्र सांभाळायचे. कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी रोज एकाच मुळाशी ओतायचे नाही. त्यात खार असतो. माती पांढरट होते आणि पाने पिवळी पडतात. अंघोळीचे पाणी चालते. भांड्यांचे खरकटे पाणी गाळून घालावे, नाहीतर उंदीर येतात.

हे आम्ही पुस्तकात वाचलेले नाही. आमच्या अक्काने शिकवले. अक्का म्हणजे आमची थोरली बहीण. तुमच्यापैकी बरेच जण तिला ओळखतात.

१९७२ साली पाऊस पडला नाही. १९७३च्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या. गावोगाव दुष्काळी कामे निघाली. बायामाणसे उन्हात खडी फोडत होती. मुलांना सुकडी मिळत होती. आम्हीही ती खाल्ली आहे. त्याच उन्हाळ्यात आमचे दाजी वारले आणि अक्का माहेरी आली. तिला तेविसावे वर्ष चालू होते. येताना तिने एक पत्र्याची ट्रंक आणली, आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेली जुईची एक मुळे फुटलेली फांदी आणली. ती जुई तिच्या सासरच्या दारातली.

आई म्हणाली, "माणसाला प्यायला पाणी न्हाई, आन् ही झाड घिऊन आली!"

अक्का काही बोलली नाही. तिने मोरीच्या तोंडाशी खड्डा केला आणि फांदी लावली. पाणी दीड कोसावरच्या ओढ्यातून यायचे. ओढा कोरडा होता. वाळूत झरा उकरायचा आणि वाटीवाटीने हंडा भरायचा. आम्हा भावंडांना अक्का परातीत उभे करून अंघोळ घालायची. परातीत जमलेले पाणी ती जुईला घालायची. तेवढ्या पाण्यावर जुई जगली.

आता खड्ड्याचे सांगतो. दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि तितकाच खोल खड्डा घ्यावा. तो वैशाखात खणून उघडा ठेवावा, म्हणजे उन्हाने माती तापते आणि किडे मरतात. आपली जमीन काळी आहे. काळ्या जमिनीत पाणी साठते आणि मुळे कुजतात. म्हणून तळाला विटांचे तुकडे आणि मुरूम घालावा. वर निम्मी माती, घमेलेभर चांगले कुजलेले शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड. ताजे शेण घालू नका. ताज्या शेणाने मुळे भाजतात आणि हुमणी लागते. पहिला मोठा पाऊस झाला की वेल लावावा.

जागा उन्हाची हवी. जुईला निदान अर्धा दिवस ऊन पाहिजे. झाडाच्या सावलीत लावली तर नुसती पानेच पाने येतात. मग बाई म्हणते, "माझ्या हाताला गुण नाही." हाताला काय झाले आहे? ऊन नाही एवढेच.

आणि भिंतीला खेटून लावू नका. अडीच-तीन फूट सोडून लावा. ही गोष्ट आम्ही दंड भरून शिकलो. मधुमालतीचे रोप आम्ही घराच्या मागच्या भिंतीला चिकटून लावले. घर मातीच्या भिंतीचे आणि कौलारू. दोन वर्षांत वेल कौलांवर गेला. आम्हाला कौतुक वाटले. येणाऱ्या-जाणाऱ्याला आम्ही तो दाखवीत होतो. तिसऱ्या वर्षी मृगाचा पाऊस आला आणि मधल्या खोलीत धार लागली. वर चढून पाहिले, तर वेलाच्या फांद्या कौलांखाली शिरल्या होत्या. त्या जाड झाल्या होत्या आणि त्यांनी कौले उचलून धरली होती. खाली आमची पुस्तकांची पेटी होती. पुस्तके भिजून त्यांचा लगदा झाला. वेलाचा काय दोष? त्याला आधार हवा होता. आम्ही मांडव दिला नाही, म्हणून त्याने कौले धरली.

प्रत्येक वेलाची धरायची रीत वेगळी असते. ती आधी पाहावी आणि मग आधार द्यावा. गोकर्णीचा वेल स्वतःच काठीभोवती गुंडाळत जातो. त्याला बारीक काठी किंवा सुतळी पुरे. त्याचा शेंडा कोणत्या अंगाने वळतो ते पाहा आणि त्याच अंगाने गुंडाळा. उलटा गुंडाळला तर तो सुटून पडतो. कृष्णकमळाला तणावे फुटतात. तणावा तारेला किंवा दोरीला विळखा घालतो. सपाट भिंत त्याला धरता येत नाही. बोगनवेलीला वाकडे काटे असतात, त्यांनी ती अडकत अडकत चढते. मधुमालतीची गंमत आहे. तिचे पान गळते, पण देठाचा बुडखा फांदीवर राहतो. तो वाळून काट्यासारखा टणक होतो. त्याच्या आधाराने ती वर जाते. उद्या सकाळी कोणाच्या दारात मधुमालती असेल तर हात लावून पाहा. जरा जपून.

मांडव हात पोचेल एवढाच उंच करावा, सहा फूट. उंच मांडवावरची फुले पाखरांना. बांबूची जी टोके जमिनीत जाणार, त्यांना डांबर लावावे, म्हणजे वाळवी लवकर लागत नाही.

वेलाविषयी एक भीती आपल्याकडे घरोघर आहे. जुईच्या वासाला साप येतो म्हणतात. आमच्या आईलाही ही भीती होती. साप फुलांचा वास घ्यायला येत नाही. तो उंदीर आणि बेडूक खायला येतो, आणि लपायला दाट जागा शोधतो. वेलाच्या बुडाशी पालापाचोळा साचू दिला, फुटकी कौले आणि लाकडे रचून ठेवली, की त्याला जागा मिळते. जमिनीपासून हातभर उंचीपर्यंतच्या फांद्या काढून टाका. बूड झाडून ठेवा. अंधारात फुले खुडायला बॅटरी घेऊन जा. आणि एवढे करूनही साप चावलाच तर मांत्रिकाकडे जाऊ नका, सरकारी दवाखान्यात जा. हे आम्ही प्रत्येक बैठकीत सांगतो. आजही सांगितले.

आता एकेका वेलाचे थोडे थोडे.

गोकर्ण सगळ्यांत सोपी. निळी आणि पांढरी, अशा दोन रंगांची फुले. बी कठीण असते, म्हणून रात्रभर पाण्यात भिजवावे आणि सकाळी टोकावे. ही कडधान्याच्या कुळातली आहे, शेंग पाहिली की कळेल. हिच्या मुळांवर गाठी असतात आणि त्या जमिनीला नत्र देतात. पाला जनावरे आवडीने खातात. ज्यांना पोटाचा प्रश्न पडला होता त्यांनी निदान गोकर्ण लावावी. तुमचे नाही, पण शेळीचे पोट भरेल.

मधुमालतीचे फूल संध्याकाळी उमलते तेव्हा पांढरे असते. दुसऱ्या दिवशी ते गुलाबी होते आणि पुढे लाल होते. एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात. रात्रीच्या पांढऱ्या फुलांवर पतंग येतात, दिवसा मधमाश्या आणि फुलपाखरे. हिच्या मुळांपासून नवे फुटवे येतात. त्यातला एक मुळासकट काढला की रोप झाले.

बोगनवेल आपली नव्हे. ती दक्षिण अमेरिकेतली. बोगनव्हिल नावाचा एक फ्रेंच दर्यावर्दी अडीचशे वर्षांपूर्वी पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला होता. त्याच्या बरोबरच्या वनस्पतींच्या अभ्यासकाला ती ब्राझीलमध्ये दिसली. त्या दर्यावर्द्याचे नाव तिला पडले. आपण त्याच्या नावातला 'वेल' तेवढा आपला करून घेतला. हमरस्त्याच्या मधोमध, डांबराच्या तापात, हीच लावलेली असते. हिला आपण रंगीत फुले म्हणतो, पण ती पाने आहेत. खरे फूल त्यांच्या मध्ये असते, बारीक, नळीसारखे, पांढरट. हिला पाणी कमी द्या. फार लाड केले तर नुसती वाढते.

कृष्णकमळही अमेरिकेकडचेच. पण आपल्या लोकांनी त्यात महाभारत पाहिले. बाहेरचे शंभर तंतू ते कौरव, आतले पाच ते पांडव आणि मधोमध कृष्ण. पाच बरोबर भरतात. शंभर भरतीलच असे नाही. नातवंडांना मोजायला सांगा, तेवढीच उजळणी. फूल एकच दिवस टिकते.

एक वेल मात्र दारात लावू नका. कळलावी. पावसाळ्यात डोंगराच्या कडेला लाल-पिवळी, ज्वाळेसारखी फुले येतात, ती. दिसायला फार सुंदर. पण तिचा कंद जहरी आहे. एखाद्या मुलाने रताळे समजून खाल्ला तर ते दगावेल. डोंगरावर पाहावी आणि तिथेच ठेवावी.

जाईच्या कळीला बाहेरून गुलाबी छटा असते. जुई पांढरी आणि लहान. दोघींची निगा सारखीच. कळ्यांत अळी पडली तर किडक्या कळ्या खुडून पुरून टाकाव्या. अर्धा किलो निंबोळी कुटून दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी गाळून घ्यावी आणि संध्याकाळी फवारावी. बहुतेक वेळा एवढ्यात काम भागते.

खरे काम छाटणीचे. इथेच लोक चुकतात. जाई-जुईला फूल नव्या फुटीवर येते. जुने लाकूड कितीही वाढले तरी फुले देत नाही. म्हणून वर्षातून एकदा सगळा वेल कापायचा. जाई डिसेंबरच्या अखेरीस, जुई जानेवारीच्या अखेरीस. आधी आठ-पंधरा दिवस पाणी तोडायचे. मग जमिनीपासून दीड फूट ठेवून बाकीचे धारदार कात्रीने उतरवायचे. वाळके, रोगट, आत वळलेले सगळे काढायचे. बुडाशी माती मोकळी करून दोन घमेली शेणखत घालायचे आणि पाणी सुरू करायचे. महिनाभर दार बोडके दिसते. मग लालसर फूट येते, आणि उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळाभर फुले.

अक्का दर जानेवारीला हे करीत असे. एका वर्षी आम्ही तिला अडवले. आम्ही नुकतेच मास्तर झालो होतो. मुलांना झाडांवर प्रेम करायला शिकवीत होतो. आम्ही म्हणालो, "अक्का, जित्या झाडावर कात्री कशाला चालवतेस?" तिने कात्री ठेवून दिली. त्या वर्षी फुले कमी आली. दुसऱ्या वर्षी वेलात नुसत्या काटक्या झाल्या आणि ओंजळभरसुद्धा फुले आली नाहीत. तिसऱ्या जानेवारीला आम्हीच तिच्या हातात कात्री दिली. ती म्हणाली, "तुला कळाय दोन सालं लागली."

जुईच्या कळ्या ऊन कलताना खुडायच्या. टपोऱ्या, पण मिटलेल्या. ओल्या फडक्यात ठेवल्या की दिवेलागणीला उमलतात. अक्का पायरीवर बसून गजरे करायची. एक आईला, एक आमच्या घरच्यांना, पुढे आमच्या मुलींना, आळीतल्या पोरीबाळींना. कोणाचे लग्न असले तर परडी भरून. ती स्वतः गजरा घालीत नसे. तिने घालायचा नाही, हे तिला कोणी बोलून दाखवले नव्हते. तिला ठाऊक होते, आम्हालाही ठाऊक होते. घरात हळदीकुंकू असले की ती फुलांची परडी उंबऱ्यावर ठेवी आणि गोठ्यात जाई.

मंडळी, आम्ही दरवर्षी ३ जानेवारीला सावित्रीबाई फुल्यांच्या जयंतीचे भाषण शाळेत करीत होतो. चांगले करीत होतो. टाळ्या पडत. घरी येऊन चहा पिताना अक्का समोर गजरे ओवीत बसलेली असे. इतक्या वर्षांत तिला एक गजरा पुढे करावा, हे आम्हाला सुचले नाही. सुचले नाही म्हणणेही खरे नव्हे. सुचले होते. आई काय म्हणेल, लोक काय म्हणतील, म्हणून आम्ही गप्प बसलो.

अक्का याच वर्गात, या खांबाशी बसून अक्षरे शिकली. सत्तरीला टेकलेली होती. कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात, हेरवाड नावाचे गाव आहे. ४ मे २०२२ला त्या गावाने ठराव केला. नवरा वारला म्हणून बाईचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही असेच करा म्हणून कळवले. ती बातमी पेपरात आली होती. अक्काने ती बोट ठेवून वाचली. हे, र, वा, ड. पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग विचारले, "हे गाव लई लांब हाय का रं?"

आम्ही म्हणालो, "नाही. एका दिवसात जाऊन येता येईल."

त्या संध्याकाळी जुईला पहिला बहर होता. आम्ही कळ्या खुडल्या. ओवायला आम्हाला नीट येत नाही. वेडावाकडा एक गजरा केला आणि तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला. वास घेतला. म्हणाली, "आता केसं तरी कुठं ऱ्हायलेत खोवायला?" आणि थोड्या वेळाने म्हणाली, "तवा का न्हाई दिलास?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. तिने गजरा वाटीत पाणी घालून उशाशी ठेवला. दुसऱ्या दिवशी ती नेहमीप्रमाणे परडी घेऊन वेलापाशी उभी होती.

आता शेवटचे, रोपे करण्याचे. जुईचे रोप विकत आणायची गरज नाही. पावसाळ्यात जमिनीलगतची एक फांदी वाकवावी. एका पेराशी खालच्या अंगाला थोडी साल तासावी. तो भाग मातीत दाबून वर दगड ठेवावा. शेंडा बाहेर राहू द्यावा. माती ओलसर ठेवावी. दोन-तीन महिन्यांत, कधी चार लागतात, मुळे फुटतात. मग मूळ वेलाकडून कापून वेगळी करावी. याला दाबकलम म्हणतात. १९७३ची ती पहिली जुई आता नाही. तिचे खोड वाळवीने खाल्ले. सध्या दारात आहे ती तिच्याच दाबकलमाची.

अशी एकवीस दाबकलमे तयार आहेत. बाहेर ओट्यावर गोणपाटाखाली ठेवली आहेत. एका घराला एक. पैसे नाहीत. सुवासिनीला द्यायचे की कोणाला, असे आम्हाला कोणी विचारू नये. ज्या बाईला हवे तिने न्यावे. पुरुषांनीही न्यावे.

वही अक्काकडे आहे. नेणाराने आपले नाव तिच्यासमोर आपल्या हाताने लिहायचे आहे. अंगठा ती घेत नाही. आधी फळ्यावरची सहा नावे वाचू. पुढच्या रांगेपासून सुरुवात करा.